टपालपेटी मधे आली

३ मार्च
वही नवी. संकल्प: खरं तेच लिहायचं.
घरासमोरची टपालपेटी पुन्हा पडली, माझ्या ट्रकच्या मधे आली. तिसऱ्यांदा. मुळात ती रस्त्याच्या फार जवळ पुरली आहे. रॉयसला तसं सांगितलं. रॉयस माझा मुलगा. म्हणाला, आई, पेटी वीस वर्षं तिथंच आहे, ट्रकची किल्ली दे आता. शी. पोटच्या पोरानं असं बोलावं. म्हटलं, इस्टरपर्यंत थांब, मुद्देसूद उत्तर देते. म्हणाला, पटलं तर किल्ली तुझी, नाहीतर माझी.

५ मार्च
प्रभूची कृपा. रॉयसची मुलगी टॅबिथा चर्चच्या शाळेत सातवीत आहे. लॅटिन कमी होतं म्हणून आता तर्कशास्त्रही शिकवतात. माणूस बोलताना भलतंच अनुमान कुठं काढतो ते शोधायचं, त्याला दोष म्हणायचं. घरीदारी ऐकलेले वीस दोष वहीत टिपायचे आणि ११ एप्रिलला सगळ्या आईबापांसमोर वाचायचे. पोरगी हुशार, माझ्यावर गेलीय. मी आठवीत बटाटे काढायला शाळा सोडली ती गोष्ट वेगळी. तिला म्हटलं, माझी बाजू मांडून दे. म्हणाली, आजी, तू नुसती बोलत राहा. लगेच पेन्सिल काढली. गुणाची गं.

१० मार्च, दुपार
तिचे मास्तर मिस्टर प्रूइट बघितले. गळ्याला बो, मिशीत अंडं. सुकलेलं. असल्या माणसाला तर्क काय कळणार, असं टॅबिथाला म्हटलं. तिनं लिहून घेतलं.

१८ मार्च
शेजारची लॉर्ना टुना-नूडल्स घेऊन आली. वर चुरलेले चिप्स, खाली पाणी सुटलेलं. किळसवाणं. दोनदा घेतलं, वाया कशाला घालवायचं. लॉर्ना म्हणाली, व्हर्लीन, डोळे तपासून घे. म्हटलं, माझे वडील नव्वदीत ट्रॅक्टर चालवायचे, काय झालं त्यांना? म्हणाली, तळ्यात गेले ना. म्हटलं, गेले, पण बुडाले नाहीत. टॅबिथाच्या पेन्सिलीचं टोक मोडलं, इतकी लिहीत होती. लॉर्नाचे दोष किती सापडले विचारलं. म्हणाली, एकही नाही. पोर अजून कच्ची आहे.

२७ मार्च
इस्टरपर्यंत गोड खाणं बंद होतं, तो नेम आज मोडला, मनस्ताप झाला म्हणून. रॉयस म्हणाला, निदान दुपारनंतर ट्रक काढू नकोस. त्याला सांगितलं, आज दुपार सोडली की उद्या चर्च सुटेल, परवा तू मला वृद्धाश्रमात टाकशील. तो टोपी घालून निघून गेला. गप्प केला. टॅबिथा म्हणाली, आजी, सोळा झाले. सोळा मुद्दे. रॉयसची आता खैर नाही.

११ एप्रिल, सकाळ
निळा ड्रेस इस्त्री केला. पहिल्या रांगेत बसणार.

१२ एप्रिल
काल टॅबिथानं दोष वाचले. कुणाचं नाव घेतलं नाही, वयस्क नातेवाईक एवढंच. लोक पोट धरून हसत होते. सर्वांत मोठ्यानं मी. म्हटलं, कुणाच्या घरात हे ध्यान आहे. मिशीतलं अंडं आलं तेव्हा जरा खटकलं. तळं आलं तेव्हा लॉर्नानं माझा हात धरला. तिचा हात ओलसर होता. सोडवला नाही.
शेवटच्या, विसाव्या दोषाला पोरीनं वही मिटली. माझी आजी मला फार आवडते, म्हणून ती ट्रक नीट चालवते. हा दोष माझा स्वतःचा आहे, म्हणाली, आणि खाली बसली.
कुणी हसलं नाही.
पार्किंगमध्ये रॉयस त्याच्या गाडीचं दार उघडत होता. मीच ट्रकची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. घरी येताना मागच्या सीटवर, पोरीचं डोकं माझ्या मांडीवर. रॉयस गाडी इतकी हळू चालवतो की शिसारी येते.
टॅबिथा वर्गात पहिली आली. वीसपैकी वीस. त्यातले एकोणीस माझे.