अकरा लाख तेरा हजार एकशे एकवीस

४ मार्च, सोमवार
बाबांना घरी आणलं. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना काही कळत नाही. आशा ठेवू नका." दादा लगेच — "मग रविवारी शुश्रूषा केंद्रात हलवू. तू एकटी किती मरशील?"

५ मार्च
जिवाला चैन नाही. खाटेशेजारच्या ऑक्सिजनच्या यंत्रावर आकडा आहे — १११३१२१. फोडायला घेतला. बाबा वजनकाट्यावर कामाला होते, तिथे ट्रकांचे नंबर फोडत बसायचे, तेव्हापासूनचं आमचं वेड. कशाने भाग जातो ते शोधायचं. नाहीच फुटला तर तो 'दगड'. लहानपणी दुपारी आई झोपलेली असायची, बोलायची बंदी. मी फळ्यांच्या भिंतीपलीकडे, बाबा अलीकडे. उत्तर भिंतीवर एकेक अंक करून वाजवायचं — एकाला एक टक, दोनाला दोन, शून्याला नख ओढायचं, घस्स. दादा चादर डोक्यावर घेऊन म्हणायचा, "येडे आहात दोघं!"

तीन, सात, अकरा, तेरा... सत्त्याण्णवपर्यंत आले. बाकी उरतेच. पुढे कंटाळा केला. बाबांच्या कानाशी आकडा वाचला, म्हटलं, "बाबा, दगड आहे हा." त्यांची नजर छतालाच.

६ मार्च
कालपासून बाबांचा डावा हात हलतोय, दुलईवर. थांबतो, पुन्हा हलतो. डॉक्टर फोनवर — "थरथर आहे ती. गोळी द्या." दिली. हात निपचित पडला. आधी हायसं वाटलं, मग अजिबात वाटेना. नुसती घरभर फिरतेय.

७ मार्च
गोळी उतरली की हात सुरू! दादाने गाडी ठरवली. कडाकडा भांडले. "त्यांना काही कळत असतं तर नेलं असतं का गं मी?" म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

९ मार्च, शनिवार
लाकडी ट्रे त्यांच्या मांडीवर ठेवून पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले. मागून आवाज. टक. घस्स. टक.

हातातलं पातेलं पडलं.

एकशे एक! सत्त्याण्णवला थांबले होते मी, आळशी कार्टी! एकशे एकसाठी बाबांचीच युक्ती — उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या, एक मिळवायची, एक वजा करायची. एकवीस वजा एकतीस, अधिक अकरा, वजा एक. शून्य! भाग जातो. उरले अकरा हजार एकवीस.

ते मला माझी चूक सांगत होते, आणि मी त्यांना गोळ्या देत होते. रडून घेतलं.

पण दादा म्हणेल, योगायोग. म्हणून उरलेलाही फोडून ठेवला — एकशे पाचचा वर्ग, त्यातून चार कमी, म्हणजे एकशे तीन गुणिले एकशे सात. बाबांना सांगितलेलं नाही. उद्या दादासमोर विचारणार. नाही वाजवलं तर?

१० मार्च
खाली गाडीचा हॉर्न. दादा पिशवी घेऊन दारात. मी ट्रे ठेवला. "बाबा, अकरा हजार एकवीस?" दादाने घड्याळ पाहिलं. मग — टक. घस्स. टक टक टक.

"एकशे तीन," दादा म्हणाला. मी नाही — दादा!