पडला तो कुठे गेला?

३ फेब्रुवारी, मंगळवार

गेमच्या दुसऱ्या भागाची पहिली मीटिंग. आमच्या साहेबाने, म्हणजे दाढीने, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं — ‘लोकांनी दुसरा भाग का खेळावा?’ आणि नेहमीसारखं उत्तरही स्वतःच दिलं. शहर तिप्पट मोठं. चाळीस नव्या कसरती. वेग दीडपट. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला लिहू!

माझं काम म्हणजे पडणं. आमच्या गेममधला स्केटबोर्डवरचा तो पोरगा कठड्यावरून, जिन्यावरून, तोंडावर, पाठीवर जितक्या तऱ्हांनी आपटतो, त्या एकशे बारा तऱ्हा माझ्या. दाढी मला सगळ्यांसमोर ‘पडझड खातं’ म्हणतो. आता दोनशे हव्यात. ‘आणि जरा भारी पाड!’ बरं.

घरी आले, किल्लीने दार उघडलं. बाबा खुर्चीतच. डिसेंबरात न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आत रॉड घातला — तेव्हापासून मी इथेच. माझी खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुलपात. बाबा बरे झाले की परत जायचं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या या माणसाने, आणि स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं!

५ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांच्या पायाचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, प्रगती छान आहे. बाबा म्हणाले, ‘छान कसली, पाय माझा आहे की त्यांचा?’

८ फेब्रुवारी, रविवार

‘ठमे, दिवसभर तू करतेस तरी काय, ते एकदा दाखव.’ जेवायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, पहिला भाग लावला. बटणं दाबण्यात बाबांचा हात चांगला बसलेला. चार मिनिटांत पोरगा उड्या मारायला लागला! मग एका जिन्यावरून धाडकन खाली. पडदा लुकलुकला, पोरगा वर ताजातवाना उभा.

‘हा कोण?’

‘तोच, बाबा.’

‘तोच कसा? तो तर खाली पडलाय.’

‘पडला की परत उभा राहतो. गेम आहे.’

‘उभा राहताना मला नाही दिसला.’ चष्मा काढून पुसला. परत घातला. ‘पडला तो कुठे गेला मग?’

मी हसले. ते हसले नाहीत.

९ फेब्रुवारी, सोमवार

पडला तो कुठे गेला. दिवसभर डोक्यात तेच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज फळीवालीचं रेकॉर्डिंग. गेममधल्या पोरात अंग हिचं असतं. एक्केचाळीस वर्षांची, खरीखुरी स्केटर, दोन्ही कोपरांना टाके. अंगाला चिकटून बसणारा काळा पोशाख, त्यावर पांढरे मणी. भोवती चोवीस कॅमेरे, ते फक्त मणी बघतात आणि तिची हालचाल कॉम्प्युटरात उतरते. ती गादीवर आपटते, मी ‘बस’ म्हणते, कॅमेरे बंद. तीन वर्षं हेच.

आज ‘बस’ म्हणायला विसरले. आणि पहिल्यांदा पाहिलं — ती लगेच उठतच नाही. आधी हाताची बोटं हलवते. मग पायाची. एक श्वास. मग कुशीवर वळते.

‘काय करतेस गं ते?’

‘मोजते. बोटं आहेत, गुडघे आहेत, दात आहेत. सगळं जागेवर असलं की उठायचं.’

मी तिला बाबांचा प्रश्न सांगितला. ती गादीवरच बसली. मग म्हणाली, ‘राग येणार नसेल तर बोलू? मला तुमचा पहिला भाग आवडत नाही. त्यात काही दुखतच नाही. मग जमलं तरी जमल्यासारखं वाटत नाही.’

‘तीन वर्षांत बोलली नाहीस!’

‘तू विचारलंस कधी?’

खरंय. मी नुसतं ‘बस’ म्हणत आले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दाढीपुढे मांडलं. नव्या कसरती कमी करा, मला उठणं करू द्या. पोरगा पडेल तिथेच राहील आणि तिथूनच उठेल. तोच पोरगा, त्याच दुखऱ्या गुडघ्याने.

‘किती वेळ लागेल उठायला?’

‘दोन सेकंद.’

‘माणूस एका बैठकीत साठदा पडतो. म्हणजे दोन मिनिटं नुसतं उठणं! उठणं बघायला कोण गेम घेतं गं?’

हिशोब बरोबर होता, म्हणून जास्त लागलं. शेवटी म्हणाला, ‘महिनाभर कर. दोनशे पडणी वेळेवर हवीत, त्यात सूट नाही. आणि लोकांना नाही आवडलं तर मुकाट्याने काढून टाकायचं.’

हो म्हणाले. हात दाखवून अवलक्षण. आता निस्तरा!

२१ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं! घरातच होतं.

दुपारी मी स्वयंपाकघरात, बाबा पलंगावर. उठत होते. आधी तळहात गादीवर. मग तो गुडघ्यावर. मध्येच थांबले, अर्धे वाकलेले — आणि दाराकडे पाहिलं. कुणी बघतंय का? मग उरलेले उठले. आणि उभे राहिल्यावर सदरा खाली ओढून नीट केला, जणू काही झालंच नाही.

तो सदरा! मला भरून आलं. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावरून असेच उठले होते. नऊ वर्षांत मी हे कसं विसरले?

‘काय बघतेस?’

‘काही नाही. चहा टाकू?’

२४ फेब्रुवारी, मंगळवार

फळीवालीला करून दाखवलं. तिने बारा वेळा केलं, बाराही वेळा चूक. पाठ ताठ, पाय तयार. थांबते तीही कसरतीतल्यासारखी. शेवटी गादीवरच मांडी घालून बसली. ‘अगं, मी पडते तेव्हा मला परत पडायचं असतं. तुझ्या वडिलांना नसतं. माझ्या अंगातून ते येणार कसं? ज्याचं आहे त्यालाच आण की.’

वेडी आहे, म्हटलं. बसमध्ये तिचं म्हणणं पटत गेलं. उतरेपर्यंत पूर्ण पटलं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

व्यायामवाल्या बाईंना फोन केला. मला वाटलं, ओरडतील. म्हणाल्या, ‘जमिनीवरून उठायचं कसं हे शिकवायचंच असतं. गादी जाड ठेवा, मी शेजारी उभी राहीन. आणि ते करतील हो, व्यवस्थित करतील.’ फोनवर हसल्याही. का, कोण जाणे.

बाबांना विचारलं. ‘त्या चिकट कपड्यांत? या वयात माझा तमाशा करतेस?’ मग पाचेक मिनिटांनी बाथरूममधून आवाज — ‘दाढी करून यायचं ना?’

२ मार्च, सोमवार

विसरायच्या आत लिहून ठेवते.

टॅक्सीने नेलं. जिना उतरायला वीस मिनिटं, माझ्या खांद्यावर हात. सगळ्यात मोठ्या मापाचा पोशाख काढून ठेवला होता, तरी पोटावर चेन अडली. फळीवालीने गुडघ्यावर बसून ती ओढली. ‘काका, श्वास आत!’ बाबा म्हणाले, ‘लिफ्टचं दार लागत नसलं की मी लोकांना हेच सांगायचो.’ ती हसून लोळली. पांढरे मणी लावताना बाबा अगदी शांत उभे राहिले, लहान मूल शाळेच्या पहिल्या दिवशी राहतं तसे. डोक्यावर पाच मणी. काय दिसत होते!

बाईंनी हात धरून गादीवर बसवलं, मग कुशीवर निजवलं. दिवे लागले. दाढीही येऊन दारात उभा राहिला, हाताची घडी घालून.

‘बाबा, करा.’

बोटं हलली. मग कोपर. कुशीवरून गुडघ्यावर. तळहात मांडीवर, अर्धे वर — थांबले. मान वळवून पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. मग उठले, आणि पोशाखाला खालची कड नसताना दोन्ही हातांनी ती ओढली.

खोलीत चौदा माणसं. सगळी बघत होती. मी ‘बस’ म्हणायला पुन्हा विसरले. फळीवालीनेच म्हटलं.

बाबांनी विचारलं, ‘बरोबर झालं का? आणखी सावकाश हवं का?’

‘नको, बाबा. हेच हवं होतं.’

दाढी निघून गेला. थोड्या वेळाने बाबांसाठी स्वतःची खुर्ची ढकलत घेऊन आला.

६ मार्च, शुक्रवार

बाबांचं उठणं पोराच्या अंगात उतरवतेय. सतरा वर्षांच्या अंगात एकाहत्तर वर्षांचा संकोच! आश्चर्य म्हणजे बसतोय. पडून उठताना सगळे एकाच वयाचे असतात की काय?

१२ मार्च, गुरुवार

चाचणी. पाच जण खेळायला बोलावले. पाचही जण पोरगा पडला की बटण बडवत होते — ऊठ ना, ऊठ ना! एकाने तर कंट्रोलर टेबलावर आपटला. कागदावर तिघांनी लिहिलं, ‘संथ’. दाढीने ते कागद वाचून माझ्यापुढे सरकवले. ओरडला असता तर बरं झालं असतं.

ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. चाळिशीला आलेली बाई!

घरी बाबांनी चेहरा वाचला. सांगितलं सगळं. म्हणाले, ‘लिफ्टला उशीर झाला की लोक बटण बडवतातच. मी काय केलं होतं माहितीय? वर मजल्याचा आकडा दाखवायला लागलो. लिफ्ट तेवढाच वेळ घ्यायची. बडवणं थांबलं.’

‘का?’

‘ती कुठवर आली ते कळायला लागलं ना.’

१३ मार्च, शुक्रवार

बाबा, तुम्ही ग्रेट आहात! हे तोंडावर सांगायला हवं, वहीत नाही.

उठणं नुसतं बघायला लावत होते मी. ते खेळणाऱ्याच्या हातात द्यायला हवं. पोराचा श्वास आता कंट्रोलरमधून तळहाताला जाणवेल, बारीक थरथर. श्वास पुरा होऊ दिला तर तो सावरून उठेल, पुढची उडी स्थिर. आधीच बटण बडवलं तरी उठेल, पण लंगडत, आणि पुढची उडी डगमगेल. मनगटावर पडला तर मनगट झटकेल, पाठीवर पडला तर कंबर धरेल. जबरदस्ती काहीच नाही. ज्याला घाई त्याने करावी.

२० मार्च, शुक्रवार

पुन्हा चाचणी. आज त्यांत एक दंतवैद्य होत्या, पन्नाशीच्या. पहिला भाग कोळून प्यायलेल्या. पहिल्या दहा मिनिटांत एकतीस वेळा पडल्या. आधी बटण बडवलं. मग कमी. मग पोराने इकडेतिकडे बघून टी-शर्ट खाली ओढला तेव्हा खो-खो हसल्या — ‘अरे, कुणी पाहिलं नाही ना, ते बघतोय! मी परवा दवाखान्याच्या पायरीवर अस्संच केलं!’

नंतर सर्वांत उंच जिन्यावरून पडल्या. वाईट पडला पोरगा — ते पडणं माझं, मलाच बघवेना. बाईंनी बटणावरचा अंगठा काढून घेतला. दोन्ही हातांत कंट्रोलर नुसता धरून बसल्या. आणि पडद्याला हळूच म्हणाल्या, ‘ऊठ रे राजा. बस जरा. मग ऊठ.’

पुढच्या उडीत तो जिना पार झाला. बाई खुर्चीतून उठून नाचल्याच! पहिल्या भागात कुणाला असं नाचताना मी पाहिलेलं नाही.

दाढी फळ्याकडे गेला. ‘चाळीस नव्या कसरती’ पुसून ‘पंचवीस’ लिहिलं. त्याखाली एक शब्द — ‘उठणं’. मग माझ्याकडे न बघता, ‘पडझड खात्याचं नाव बदलावं लागणार.’

फळीवालीला फोन केला. ती म्हणाली, ‘आता खेळेन मी.’

२१ मार्च, शनिवार

बाबांना दाखवलं. नाक पडद्याला लावून बघितलं.

‘हा मी?’

‘तुम्हीच.’

‘बरा उठतो.’ थोड्या वेळाने, ‘आता कळलं तरी, पडला तो कुठे गेला ते.’ आणखी थोड्या वेळाने, ‘काम झालं म्हणजे तुझं. खोलीवर धूळ साचली असेल ना?’

‘तुम्ही बरे व्हा आधी. मग धूळ बघू.’

काठी शोधली, कप ठेवायला निघाले. फार सावकाश. धुळीचं मी बोलायलाच नको होतं.

२७ मार्च, शुक्रवार

आज चारलाच सुटले, सव्वापाचला घराखाली. खाली शिंप्याच्या दुकानात पँट आखूड करायला टाकली. शिंपी म्हणाला, ‘काका आत्ताच वर गेले की. आज सगळ्या शर्टांची बटणं लावून दिली त्यांनी. हात छान चालतो.’

‘कुठले काका?’

‘तुमचे वडील! रोज दुपारी उतरतात, दीड महिना झाला. काठी इथेच कोपऱ्यात विसरतात, मी आठवण करून देतो. पाचचे ठोके पडले की निघाले — लेक यायच्या आत खुर्चीत बसायला हवं म्हणे.’

तीन मजले चढले. आज किल्ली काढली नाही, बेल वाजवली. बराच वेळ काठीचा टकटक आवाज, मग दार. भिंतीला धरून उभे.

‘कसं वाटतंय पायाला?’

‘बरं कुठलं गं! अजून महिना-दीड महिना तरी लागेल.’

‘लागू दे,’ म्हटलं, आणि चपला काढल्या.