आखूड जिभेच्या माश्या

ता. ३ मार्च
चि. माशीवाल्या भाचीस, अनेक आशीर्वाद.

टेम्पोभर लाल फुलांची झाडं फुकट धाडली, आणि तू लिहितेस की तुझ्या मधमाश्या उपाशी मरताहेत! फुलाची नळी लांब, माशीची जीभ आखूड, म्हणून मध पोचत नाही म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं, तसं जीभ पुरेना फूल लांब! अगं, माझी रोपवाटिका उभी राहिली ती याच फुलावर. गिऱ्हाईक गाडी थांबवून नेतं. जीभ मोजत अजून कुणी आलं नाही. आपल्या घराण्यात आखूड जीभ कुणाचीच नाही, मग या माश्या कुठून आणल्यास? पेट्या विक, माझ्या गल्ल्यावर बस. खुर्ची पुसून ठेवली आहे. तुझी आई म्हणते, पोरीला दटावू नकोस. मी कुठे दटावतोय?

लोभ आहेच, वाढवायचा की कसं, ते तुझं उत्तर पाहून.
मामा

ता. १० मार्च
ती. मामास, सा. न. वि. वि.

खुर्चीवर तूच बस. माझ्या माश्या तुझ्या फुलात तोंड खुपसतात, धडपडतात आणि कोरड्या तोंडाने परततात. उडण्यात जातं तेवढंही पोटात पडत नाही. त्या नळीला फुलपाखराची सोंडच हवी. बशीसारखी उघडी फुलं मागितली, तर म्हणालास, असला गावठी माल मी ठेवत नाही. दोन पेट्या थंड पडल्या, एकच गुणगुणते आहे. तीही गप्प झाली, तर येते गल्ल्यावर. पण मग मिरवू नकोस.

चपलेच्या आवाजावरून गिऱ्हाइकाची ऐपत सांगतोस ना? मग एकदा लाल वाफ्यापाशी उभा राहून ऐक.

आशीर्वादाची भुकेली (माश्या जास्त भुकेल्या),
भाची

ता. १८ मार्च
चि. भाचीस, अनेक आशीर्वाद.

ऐकलं. तुला खोटं पाडायलाच गेलो होतो. लाल वाफ्यापाशी पाहुणे गेलेल्या घरासारखी शांतता. गुणगुण येत होती शेडच्या मागून, फुटक्या कुंड्यांतून. माळी उपटायचं विसरलेलं तण, त्याला बटणाएवढी, चपटी, उघडी पांढरी फुलं, आणि माश्यांची ही झुंबड! आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून माळी कुदळ घेऊन धावला. म्हटलं, हात लावशील तर याद राख. तो अजून माझ्याकडे संशयाने बघतोय.

सगळं तण मुळं-मातीसकट टेम्पोत भरलं आहे. उतरलं की पेटीजवळ लाव. लाल झाडं परत धाड; ती गिऱ्हाइकांनाच बरी, त्यांना कुठे मध प्यायचाय! बिल नाही. मामाने तण विकलं, असं कुणी म्हणायला नको. आणि तू जिंकलीस असंही समजू नकोस. पेटी गुणगुणते का, तेवढं मात्र लगेच कळव.

लोभ असू दे, जिभेला लगामही असू दे. खुर्चीवर मांजर झोपलंय. त्याला उठवायची वेळ आणू नकोस.
मामा