डाव्या बाजूचा पंजा

३ मार्च, सकाळ

आणि तिथंच स्क्रेपर थांबवला. डाव्या सीटपुढं पाय ठेवतात त्या पत्र्याच्या खालच्या बाजूला, जुन्या डांबरी कोटिंगमध्ये पंजाचा ठसा आहे. पाचही बोटं स्वच्छ. गाडी बाबांची, कोटिंग त्यांनीच मारलेलं, तेव्हा पंजा त्यांचाच. गाडीखालून बाहेर आलो. चहा घेतला.

ठरलेलं आहे ते असं: जुनं कोटिंग सगळं खरवडायचं, गंज काढायचा, प्रायमर मारायचा, मग नवं कोटिंग. वीस तारखेला आई कायमची ताईकडे राहायला जाणार. या गाडीतून, तिच्या नेहमीच्या डाव्या सीटवर बसून जायचं, एवढंच तिनं मागितलंय. दिवस भरपूर आहेत.

४ मार्च

ठशावर हात ठेवून पाहिला. माझा हात मोठा निघाला. बाबांचा हात तर चांगला फावड्यासारखा होता. डांबर वाळताना आकसत असणार.

६ मार्च

काम थांबलेलं नाही. कोटिंग कोणतं, हे ठरल्याशिवाय खरवडणं अशास्त्रीय आहे. डांबराचं स्वस्त, पण थंडीत तडकतं. रबराचं जाड बसतं, खडीचा मार सोसतं. मात्र आत गंज राहिला तर पाणी धरून ठेवतं आणि बाहेरून काही दिसत नाही. मेणाचं पारदर्शक, पण सारखं पुन्हा लावावं लागतं. दुकानदाराला विचारलं, तुम्ही स्वतः काय लावता? म्हणाला, माझी सायकल आहे.

बाबा म्हणायचे, खाली कुणी बघत नाही, म्हणून खालचं जास्त नीट करायचं.

९ मार्च, दुपार

गाडीखाली पडलो होतो. श्वासाचा आवाज येत होता. माझाच श्वास पत्र्यावर आदळून परत येत होता. थोडा उशिरा येत होता, इतकंच. श्वास रोखून पाहता आलं असतं. गरज वाटली नाही.

१० मार्च

बायको वाकून बघून गेली. म्हणाली, अहो, त्या पंजाभोवती गंज आहे, आधी तो काढा. मी सांगितलं, वरवरचा आहे. ती म्हणाली, स्वयंपाकघरातली ओलही वरवरचीच होती. त्या भिंतीचं पुढं काय झालं, ते दोघांनी मिळून पाहिलंय.

भिंतीचा इथं संबंध नाही.

१२ मार्च

उजवी बाजू खरवडून झाली. मागचीही. पंजापाशी आलं की मनगट धरतं. हवा दमट आहे.

तारेला टांगलेला दिवा हलत होता. दार बंद होतं, पण दाराला फट असते.

मग गाडीच्या पलीकडे दोन पावलं येऊन उभी राहिली. बाबांच्या चपला. मी म्हणालो, खरवडतोय, बाबा. जरा वेळानं आईचा आवाज आला, जेवायला चल. अंगणात यायला ती त्यांच्या चपला घालते, हे मला माहीत आहे.

उद्या पंजा खरवडून टाकायचा. नक्की.

१५ मार्च

निर्णय झाला. दुहेरी पद्धत. सगळ्या तळाला रबर, पंजावर पारदर्शक मेण. कुठल्याच माहितीपत्रकात ही पद्धत सापडली नाही, यावरूनच ती किती नवी आहे ते कळतं. गंज मेणाखाली झोपून जाईल. मनगट बरं आहे.

१७ मार्च

रबर मारून झालं. पंजाभोवती चौकट सोडली, त्यात मेण लावलं. लावताना बोटाखाली पत्रा जरा दबला. जुना पत्रा लवचीक असायचाच.

श्वास आज आला नाही. रबर आवाज शोषून घेतं. तरी थोडा वेळ पडून राहिलो, ऐकत.

१९ मार्च

गाडी स्टँडवरून उतरवली. पहिल्या किल्लीला सुरू. मेकॅनिक म्हणाला, इंजिनचं मी बघितलंय, खालचं तुम्ही जाणा. आईला आजच बसून बघायचं होतं. बसली. साडी सावरायला म्हणून दोन्ही पायांवर जोर देऊन जरा उठली, आणि डावा पाय पत्र्यातून खाली गेला. घोट्याच्या वर. लागलं नाही. चप्पल जमिनीवर पडली, तिच्याशेजारी पंजाचा तुकडा.

तुकडा पुसून आईपुढं धरला. म्हटलं, बाबांचा हात. ती म्हणाली, कुणाचा? चष्मा लावून पाहिला. म्हणाली, अरे, हा तुझा. शाळेत होतास. ओल्या डांबरावर पंजा मारलास आणि मग घरभर काळे हात करून हिंडलास. त्यांनी एक ठेवून दिली होती तुला. तिथं डांबर पातळ झालंय, गंज तिथूनच धरणार, पुन्हा कोट मारायला हवा, असं म्हणत राहिले. दर वर्षी म्हणायचे.

बायकोनं विचारलं, मग मारला का नाही त्यांनी?

आई म्हणाली, ब्रश घेऊन खाली जायचे. बाहेर येऊन चहा मागायचे.

२० मार्च

सकाळी आई टॅक्सीनं गेली. तसंही एवढं सामान आपल्या गाडीत मावलं नसतं. तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायला लावला तिनं; पिशवीत नाही, मांडीवर ठेवला. पत्रा बदलायला वेल्डर दहाला येतो म्हणाला होता. अजून आलेला नाही.