आधी उठेल तो हरला

आई,

आम्ही तिघं कोपऱ्यावरचं पाळणाघर बघायला गेलोय. दचकू नकोस, आजी आपणहून आलीय.

काल तू पाळणाघराचा विषय काढल्यावर ती एवढी का फुगली, ते मला आज कळलं. शाळेतून लवकर आले तर ती आणि आपला पिटुकला जमिनीवर समोरासमोर बसलेले. आधी उठेल तो हरला, असा खेळ म्हणे. पिटुकला रोज हरतो, कारण आजीला गुडघ्यांमुळे उठताच येत नाही. मी हात दिला तेव्हा हळूच म्हणाली, "आईला सांगू नकोस हं, नाहीतर नेईल त्याला माझ्याकडून."

तरी सांगतेय, कारण मला दोघंही धडधाकट हवेत. पण तू तिला गुडघ्यांचं काही विचारू नकोस. मी एवढंच म्हटलं, "त्याला बरोबरीची पोरं हवीत, आणि जागा तुझ्याशिवाय कोण पारखणार?" लगेच चष्मा पुसायला लागली. निघतानाच बजावलंय तिने, "पसंत पडलंच तर सकाळपुरतं. दुपारी आणायला मीच जाणार."

आम्ही आलो की आधी तिच्या या अटीला हो म्हणून टाक, मग चहा पी. बाबांना मी पटवते.

तुझी थोरली