सव्विसावं कार्ड

आंबिवली,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. संचिताताईस,

साईनाथचा नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी ठीक. सलिलदाजींना नमस्कार सांग. सान्वीला माझी एक पापी.

तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या आमंत्रणाची पंचवीस कार्डं तयार झाली. खोक्यात नीट बसवून कुरिअरने पाठवतोय. आंबिवलीहून बाळकुम काही परदेश नाही, मी स्वतः आणून देऊ शकलो असतो. का नाही आणली ते पुढे कळेल.

तू म्हणालेलीस, हत्ती नको, सगळ्यांच्याच कार्डावर हत्ती असतो. म्हणून खंड्या केला. आपण नदीवर बघायला जायचो, तो. दुकानातला जाड रबराचा तुकडा घेऊन चार संध्याकाळी पात्याने कोरला. शिक्का उलटा कोरावा लागतो, तेव्हा कागदावर सुलट उमटतो. कल्याणच्या शिक्क्यांच्या दुकानात पाच वर्षं हेच करतोय, त्यामुळे आता स्वप्नातही अक्षरं उलटी दिसतात. परवा स्वप्नात स्टेशनवरची पाटी उलटी होती आणि तू खाली उभी राहून ती मोठ्याने वाचत होतीस. बरोबर वाचत होतीस.

शाई ओली असतानाच तिच्यावर उठावाची पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि गरम हवा द्यायची. आधी काहीच होत नाही. मग एका कडेने पावडर विरघळत जाते आणि निळा रंग जागा झाल्यासारखा चमकायला लागतो. तेवढ्यापुरता श्वास रोखला जातो. पंचवीस वेळा रोखला. डोळ्याच्या जागी अर्धा मोती चिकटवलाय. एका कार्डावर मोती सूतभर खाली गेला, तो पक्षी झोपेत वाटतो. ते कार्ड फेकणार होतो, पण त्याच्याकडे बघत कितीतरी वेळ बसून राहिलो. ते कुणाला देऊ नकोस, तू ठेव.

तुझ्या यादीतली नावं तीन-तीनदा तपासली. यादीत ‘आई आणि साईनाथ’ असं आहे. बाबांचं नाव नाही. तू विसरणाऱ्यातली नाहीस, हे मला माहीत आहे.

गेल्या रविवारी दुपारी मोत्यांचा गोंद वाळावा म्हणून कार्डं उन्हात मांडलेली. बाबा येऊन शेजारी बसले.

“कुणाची रे ही?”

“एका गिऱ्हाईकाची.”

“चौथी पास आहे मी, आंधळा नाही. नातीचं नाव वाचता येतं मला.”

सांडलेला एक मोती त्यांनी ओल्या बोटाने उचलून माझ्यापुढे धरला. मग ओठ हलवत अख्खं कार्ड वाचलं.

“आशीर्वाद द्यायला या, असं नाही घातलंस कुठे?”

“तिला साधंच हवंय.”

“बरोबर आहे. मी एकदा पाठवलेला. घेतला नाही तिने.”

एवढं बोलून पाणी प्यायला आत गेले.

ताई, त्यांनी पाठवलेला. मी टाकला नाही.

तुझ्या लग्नाला ते आले नाहीत. त्यानंतर चार महिन्यांनी एक दिवस त्यांनी मला घडी घातलेला कागद दिला. “तुझं अक्षर चांगलं आहे, पाकिटावर पत्ता तू घाल. आईला सांगू नकोस, उत्तर आलं की मग सांगू.” पत्ता घालायला बसलो आणि पत्र वाचलं. दीड पान. अकरा चुका. ‘आशीर्वाद’मधला रफार एक घर आधीच उतरलेला. रफार कुठे द्यायचा ते मी नववीत शाळा सोडल्यावर तूच मला शिकवलंस. मी पेन्सिलने अकरा गोल केले.

तुझ्या सासूबाई लग्नाचं बोलायला आलेल्या, ते आठवतं? देवयानीबाईंनी नाक्यावरच्या हारवाल्याची पाटी वाचली आणि हसल्या. “फुलांमधला ‘फू’ दीर्घ केलाय बघा!” बाबाही मोठ्याने हसले. त्यांना चूक दिसलीच नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्या गेल्यावर बाबा म्हणाले, ही माणसं आपल्यातली नाहीत. तुला वाटलं, जातीचं बोलतायत.

म्हणून वाटलं, त्या घरात हे पत्र असं जायला नको. सुधारून लिहू. चार वेळा लिहिलं. चूक एकही राहिली नाही, पण ते बाबांचं पत्र वाटेना. पाचव्यांदा उद्या लिहू म्हटलं. आठवड्याने त्यांनी विचारलं, “टाकलंस ना?” मी “हो” म्हणालो. ते ‘हो’ मग खोडता येईना.

कितीतरी दिवस ते खाली जिन्यातली पत्रपेटी बघायला जायचे. पोस्टमन रविवारी येत नाही, तरी रविवारीसुद्धा. तुझा आईला फोन आला की टीव्हीचा आवाज कमी करायचे. तुला वाटत राहिलं ते रागावलेत, त्यांना वाटत राहिलं तू रागावलीस. आणि खरं काय ते माहीत असलेला मी तिथेच बसून कार्डं करत होतो.

ते पत्र सोबत ठेवलंय. पेन्सिल खोडली, तरी गोल दिसतील. ते माझे आहेत. खोक्यात सव्विसावं कार्डही आहे, नावाची जागा कोरी ठेवलेलं. नाव लिहायचं की नाही ते तू ठरव. माझा फोन उचलला नाहीस तरी चालेल.

इथपर्यंत लिहून थांबलो आणि बाबांना जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, मारतील. ते गॅलरीत नखं कापत बसलेले. सगळं ऐकून घेतलं, कापायचं थांबले नाहीत. मग खालीच बघत म्हणाले,

“फार चुका होत्या का रे?”

मी म्हणालो, “नाही.”

तुम्ही भेटलात तर तुलाही ते विचारतील. तूही नाहीच म्हण.

उत्तराची वाट बघायचा हक्क नसलेला, तरी बघणारा,
तुझा
साईनाथ