पॉइंटर आपोआप फिरतो

३ मार्च
रोजनिशी, रागावू नकोस. ऑक्टोबरनंतर तुला हात लावला नाही. कारणं लिहायला बसलो होतो, पण सगळी आळसापाशीच जाऊन थांबली, म्हणून खोडली. आता मात्र लिहिणं भाग आहे. मला एका माणसाचा सूड घ्यायचा आहे आणि त्याची नोंद व्यवस्थित असावी.

माणूस: ऑफिसातला सिस्टिमवाला. गुन्हा: माझा प्रिंटर चालेना म्हणून मी दोन पानी तक्रार केली. हा आला, प्रिंटरचा स्विच दाबला आणि एक अक्षर न बोलता निघून गेला. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. तेव्हापासून अख्खं सेक्शन मला 'स्विचसाहेब' म्हणतं.

आता त्याला ऑफिसभर नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणायची आहे. ती अजून बीटा आहे, म्हणजे कच्ची. घरच्या कॉम्प्युटरवर वापरून दोष कळवायला माणसं हवीत म्हणाला. पहिला हात मी वर केला. पंचवीस तारखेला मोठे साहेब निर्णय देणार. त्याआधी मी असा दोष काढीन की हा पुन्हा कुणाचा स्विच दाबणार नाही.

मनाला विचारलं, हे सूडासाठी की ऑफिसच्या भल्यासाठी? दोन्ही, असं उत्तर आलं. समाधान वाटलं.

५ मार्च
बीटा टाकली. एकही चूक नाही. आवाज गेला होता, तो बायकोने स्पीकरची वायर खोचल्यावर आला. (प्रामाणिकपणासाठी नोंद.)

जुन्या वायरलेस माउसचं डावं बटण मेलंय. तो ड्रॉवरमध्ये टाकला, नवा वायरचा आणला. जुन्याचा नखाएवढा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या मागे तसाच राहिलाय. टेबल भिंतीला चिकटलेलं, माझी कंबर धरलेली. रविवारी काढू.

९ मार्च, सकाळ
सापडला.

पॉइंटर आपोआप फिरतो. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो होतो आणि बाण स्क्रीनवर थरथरत, अडखळत, वेडेवाकडे गोल काढत होता. आधी उजवीकडून, मग डावीकडून. कित्येक महिन्यांत इतका आनंद झाला नव्हता.

आईला हाक मारून सांगितलं. ती पलीकडच्या खोलीतून म्हणाली की तिचा हाताचा व्यायाम चाललाय, मध्ये बोललं की मोजणी चुकते. (जानेवारीत तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण वेणी अजून सुनेकडून घालून घ्यावी लागते. सून घट्ट घालते, अशी आईची तक्रार. सासू मान हलवते, अशी सुनेची.)

विशेष: हाक मारली त्या क्षणी पॉइंटरही थांबला. आवाजाला बिचकत असावा. लक्ष ठेवायचं.

हॉलमधलं घड्याळ बंद पडलंय. सेल आणायला सांगितलंय. आणेन.

१२ मार्च
सिस्टिमवाल्याला रिपोर्ट पाठवला. उत्तर एका ओळीचं: दुसरा एखादा माउस जोडलेला आहे का?

हा माणूस मला समजतो काय? कळवलं की मी पदवीधर आहे आणि नाही.

जेवताना शंका आली, आपण मागे वाकून पाहिलं का? नाही. पण ड्रॉवरमध्ये पडलेल्या वस्तूला 'जोडलेली' म्हणता येत नाही. उत्तर खोटं नव्हतं. जेवण गेलं.

१७ मार्च
स्क्रीनचं रेकॉर्डिंग रोज करतो आणि त्याला पाठवतो. निरीक्षणं: दोष सकाळी चहानंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीला उद्भवतो. दुपारी झोपतो. सुरुवातीला गोल तुटके होते, आता पुरे होतात. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'दोष दिवसेंदिवस सफाईदार होत आहे.' वाक्य बरं जमलं.

बायकोने सेलचं विचारलं. तिला म्हटलं, सध्या बीटाची जबाबदारी आहे. ती म्हणाली, घड्याळाला बीटा लागत नाही.

२१ मार्च
कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सिस्टिमवाल्याने विचारलं, घरी येऊन बघू का? नाही म्हटलं. आरोपीला पुराव्याजवळ कोण येऊ देतं? मग भरात बोलून गेलो की चूक माझी निघाली तर 'स्विच' अशी पाटी मी स्वतः माझ्या टेबलावर लावीन. कुणीतरी टाळी वाजवली. कुणाच्या बाजूने, ते कळलं नाही.

२५ मार्च
मीटिंग. मी घरून व्हिडिओवर प्रात्यक्षिक दिलं. बायको आईला एक्स-रेला घेऊन गेली होती, घरात चिटपाखरू नाही, म्हणजे परिस्थिती आदर्श.

पॉइंटर हलला नाही.

थांबा म्हटलं, सगळे थांबले. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. चहा आल्याचा आवाज आला. शेवटी सिस्टिमवाला म्हणाला, रेकॉर्डिंग खरी आहेत, हे साहेब खोटं बोलणार नाहीत, आठवडाभर बघू. माझी बाजू घेतली. याचीही परतफेड करावी लागेल.

निर्णय लांबणीवर. म्हणजे तत्त्वतः विजय.

२७ मार्च, संध्याकाळ
आईला व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्यात. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "आता उजवीकडून… सावकाश…" आणि पॉइंटर उजवीकडून फिरला, सावकाश. "आता इंग्रजी आठचा आकडा." पॉइंटरने आठ काढला.

ही सिस्टिम माणसांचं बोलणं ऐकते. ऐकते आणि हुकूम पाळते. मोठ्या साहेबांसकट सगळ्या ऑफिसला मेल पाठवला. विषय: घराघरात कान. सिस्टिमवाला संपला.

आता स्वतः हुकूम देऊन बघतो.

२८ मार्च
काल पुढे लिहवलं नाही.

मी पॉइंटरला म्हटलं, चौकोन काढ. काढेना. आवाज चढवला. तेव्हा पलीकडून आई म्हणाली, "चौकोन कशाला? बाईंनी आठच सांगितलाय."

तिच्या खोलीत गेलो. तिच्या तळव्याखाली माझा जुना माउस होता; त्याचा रिसीव्हर अजून माझ्या कॉम्प्युटरच्या मागेच. ड्रॉवरमध्ये सापडला, हाताखाली गुळगुळीत सरकतो, म्हणून घेतला म्हणे. आणि दवाखान्यात शेकायला असाच लाल दिवा होता, तेव्हा याचाही दिवा लागला तर बरं, म्हणून हॉलच्या घड्याळाचा सेल काढून यात घातला. "तुला सांगितलं असतं तर तू कधी आणला असतास? आणि घड्याळ बघून तरी घरात कोण वेळेवर काय करतंय?"

मी रेकॉर्डिंगचं सांगितलं, तर बाईंना मात्र ती हवी होती. नऊ तारखेपासून कालपर्यंतची सगळी पाहिली. म्हणाल्या, मनगट कसं सुधारलं ते इतकं स्पष्ट कधीच बघायला मिळत नाही, इतकं रोजच्या रोज कोण टिपून ठेवतं? हेतूबद्दल कुणी विचारलं नव्हतं. आईने स्वतःचे पहिले तुटके गोल पाहिले आणि डोळ्याला पदर लावला.

आज सकाळी तिने वेणी स्वतः घातली. सैल, एका बाजूला कललेली. बायको मागे उभी राहून बघत राहिली.

मग ऑफिस. सगळ्यांना दुसरा मेल. लिहिताना एक मोह झाला, 'तांत्रिक अडचणीमुळे' एवढंच घालावं. खोडलं. माउस, रिसीव्हर, आई, सेल, सगळं लिहिलं. पाटी मीच पुठ्ठ्यावर लिहून टेबलावर ठेवली. वाटलं होतं, सिस्टिमवाला आता येईल आणि न बोलता बघून जाईल. आला नाही. मेल आला: 'तक्रार बंद केली. आईंना सांगा, गोल उत्तम. आठ खाली थोडा चपटा येतोय.'

सगळी रेकॉर्डिंग पाहिली होती त्याने. हा माणूस मला धड सूडसुद्धा घेऊ देत नाही.

आईला निरोप सांगितला. चपटा येतो कारण दिवा मंद झालाय, असं तिचं म्हणणं. दिव्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

उद्या: सेल आणणे. एक घड्याळाला, एक आईच्या दिव्याला.